सातव्या ताटलीतलं गाजर

मला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मुलाने आम्हाला त्याच्या हॉटेलात जेवायला बोलावलं. परदेशातलं हॉटेल, तो तिथे चार वर्षं आचारी. आम्ही तिघी गेलो: मी, माझी मुलगी आणि तिची सात वर्षांची चिमणी. दुपारचे तीन वाजले होते, पण बाहेर इतकं धुकं होतं की खिडक्यांच्या काचा दुधात बुडवून लावल्यासारख्या दिसत होत्या. आत सगळे हलक्या आवाजात बोलत होते. वाढणारे लोक गालिच्यावरून असे येत-जात होते, जणू त्यांना पायच नाहीत.

तिथे काय हवं ते विचारत नाहीत. एकामागून एक अकरा ताटल्या येतात, प्रत्येकीत दोन-तीन घास. तिकडचं आणि आपल्याकडचं एकत्र करून रांधलेलं. कोट काढता काढता मुलगी म्हणाली, "आई, यातली एक ताटली त्याची स्वतःची आहे. पहिल्यांदाच ठेवलीय त्यांनी. कोणती, ते मलाही सांगत नाही. म्हणतो, आईला कळलं तर ती लेकाचं म्हणून कौतुक करेल, आणि मला ते नकोय."

मी म्हटलं, न सांगता ओळखीन. त्याने पहिला कांदा माझ्यासमोर चिरला होता, रडत रडत.

पहिल्या ताटलीत पालकाचं हिरवंगार पाणी होतं, त्यावर तेलाचे चार थेंब. दुसरीत मुळ्याची एक चकती, चंद्रासारखी. चिमणीने ती गट्ट केली आणि बाकीचं कुठाय म्हणून खाली वाकून पाहिलं. मग मी तिला शिकवलं. घास जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे, मनात पाचपर्यंत मोजायचं. आधी काय येतं, मागून काय येतं, ते आपलं आपल्याला सांगायचं. तिसऱ्या ताटलीला तिने डोळे मिटले ते उघडेचना. मी हळूच विचारलं तर म्हणाली, आजी, अजून येतंय.

चौथ्या ताटलीत ताकाचा फेस होता, खाली जिऱ्याची फोडणी. मी लेकीकडे पाहून मान डोलावली. हीच त्याची. मला वाटलं झालं आपलं काम, आणि मी निवांत झाले.

त्यानंतरचं जेवण मला नीट सांगता येणार नाही. धुकं जणू आत येऊन बसलं होतं. पाचवी आली, सहावी गेली. सातव्या ताटलीत एक गाजर होतं, बोटाएवढं. सकाळपासून मंद आचेवर भाजलंय असं वाढणारीने सांगितलं. खाली करपवलेल्या कांद्याचं काळंभोर पाणी, त्यात चिंच अगदी नावापुरती. मी तोंडात घातलं आणि मोजायचं विसरले. जन्मभर गाजरं खाल्ली, पण हे गाजर मला कधी भेटलंच नव्हतं. त्यात माझं घर नव्हतं, बाहेरचं ते परकं शहरही नव्हतं. कुठलंच नसलेल्या एका गावात मी जाऊन आले. गाजर पाहून नाक मुरडणारी चिमणी ताटली चाटू पाहत होती. तिच्या आईने तिचा हात धरला.

भानावर आले तेव्हा माझी अर्धी उरलेली ताटली उचलली गेली होती.

अकरावी ताटली संपल्यावर मुलगा बाहेर आला. पांढरे कपडे, घामाने चिकटलेले केस. वाकून माझ्या पाया पडला, चिमणीच्या डोक्यावर टपली मारली, पण हसू ओठांपुढे जाईना. मी म्हटलं, ताकाचा फेस छान होता रे. तो म्हणाला, ते मुख्य आचाऱ्यांचं.

मग कोणतं तुझं, असं मी विचारलं.

"सातवं. जे तू अर्धं परत पाठवलंस." तो टेबलावरच्या रुमालाची घडी सारखी करत म्हणाला. "परत आलेली ताटली आम्ही बघतोच, आई. तिथे सगळं कळतं."

मला आधी समजेचना. मग समजलं, आणि माझाच मला राग आला. मुलं लहान होती तेव्हा एक जेवायला असायचा, दुसरी शाळेत असायची. जे फार चांगलं झालं असेल त्यातलं अर्धं मी, नसलेल्यासाठी, ताटातच बाजूला सारायची. अजूनही हात आपोआप थांबतो. बेतास बात असलं की मी सगळं संपवते.

"अरे वेड्या, परत कुठे पाठवलं? तुझ्यासाठी ठेवलं होतं. मला काय माहीत इथे उचलून नेतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? आईच्या बाकीच्या दहा ताटल्या बघ की. दहाही घासून पुसून परत गेल्यात."

तो गेला आणि एका ताटलीत एक गाजर, दोन काटे घेऊन आला. चौथी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसला. मी अर्धं खाल्लं, अर्धं त्याच्याकडे सरकवलं. दिवसभर तो उपाशीच असणार, दोन घासांत संपवलं. तरी डोळ्यांत शंका होतीच. मी आई, मी छानच म्हणणार.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. "किंचितच. पण कमी."

त्याने काळ्या पाण्यात बोट बुडवून चाखलं, डोळे मिटून.

"आहे खरं," तो म्हणाला, आणि खुर्चीला पाठ टेकून मनापासून हसला.