जन्मभराची दाढ

गोळ्यांच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो गालावर हात धरून उभा. साखरेच्या धुरळ्यात जन्म काढणाऱ्यांचे दात कसे असणार? हसताना तोंडावर हात ठेवायची तिथं रीतच पडली होती. अशा लोकांत म्हणे एक बाबा आला होता. तो किडलेली दाढ उपटत नव्हता, कोरत नव्हता, सुई टोचत नव्हता. तो ती पुन्हा उगवून देत होता, पांढरीशुभ्र आणि जन्मभरासाठी!

"डोळे मिटा, तोंड उघडा, शंका गिळा आणि दाढ घ्या!" दाढबाबा गरजला. "दात तुम्हाला पहिल्यांदा कोणी दिले? डॉक्टरनं? मग आता डॉक्टर कशाला? ज्यानं एकदा दिले, त्याला दुसऱ्यांदा द्यायला काय धाड भरलीय?"

लोक खूष होऊन हसले. बाबाच्या स्वतःच्या पुढच्या दोन दातांच्या जागी सोन्याचे दात होते. त्याचे का नाही उगवले, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही. शंका आधीच गिळून झाल्या होत्या.

रांगेत सगळ्यांत पुढे पाकमास्तर बायकोला घेऊन उभे होते. कारखान्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. कढईतला पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, दाताखाली धरायचा, आणि गोळी खुटकन फुटेल की दाताला चिकटेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. मालकसुद्धा त्यांनी मान हलवल्याशिवाय कढई उतरवू देत नसे. त्यांची बायको वेष्टनं गुंडाळायच्या विभागात होती. तिला सगळे वहिनी म्हणत.

वहिनींची खालची मागची दाढ बाजारातल्या डॉक्टरीणबाईंनी पूर्वी दाताच्या रंगाच्या पांढऱ्या सिमेंटनं भरली होती. बरीच वर्षं ती निमूट काम करत राहिली. अलीकडे कडेला काळी रेघ दिसू लागली आणि गार पाणी झोंबू लागलं, तेव्हा दोघं पुन्हा दाखवायला गेले होते.

"मागची दाढ म्हणजे दळायचं जातंच की, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "सगळा भार तिच्यावर. पांढरं सिमेंट तिथंही चांगलं टिकतं. सात वर्षं, दहा वर्षं, काळजी घेतली तर त्याहून जास्तही. पण कधीतरी कडेला फट पडते आणि आत कीड शिरते. हे काढू, कीड साफ करू, नवं भरू."

"आणि नवं जन्मभर टिकेल?"

"तशी हमी मी नाही देणार. कोणीच देऊ शकत नाही."

मास्तरांना ते लागलं. ज्याला आपल्या कामाची खात्री देता येत नाही, तो कारागीर कसला? "विचार करून सांगतो," म्हणून ते बायकोला घेऊन उठले. आणि आता इथं एक माणूस छातीठोकपणे जन्मभर म्हणत होता. खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत असते, त्याला "बहुतेक" म्हणावं लागतं. खोटं बोलणाऱ्याला तेवढं ओझं नसतं.

बाबानं वहिनींना स्टुलावर बसवलं. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेवर दाबला, हललेलं जुनं सिमेंट नखानं उचकटलं आणि लोण्यासारखं मऊ काहीतरी आत भरलं. "हात लावा, मास्तर! सगळ्यांदेखत लावा!" मास्तरांनी बोट लावलं. मऊच होतं. मग बाबानं स्वतःवर आणि वहिनींवर काळं कापड ओढून घेतलं. आतून मंत्र ऐकू आला आणि कापडातून निळा उजेड झिरपला. बायाबापड्यांनी हात जोडले. कापड दूर झालं. मास्तरांनी पुन्हा बोट लावलं, मग नख मारलं. टक्क आवाज आला.

मास्तरांचा चेहराच बदलला. ते गर्दीकडे वळले.

"मंडळी, माझा जन्म आळणाऱ्या वस्तू बघण्यात गेला. कुठलीही वस्तू आळायची म्हणजे ती गार व्हावी लागते. ही तोंडाच्या उबेत, बघता बघता दगड झाली! हे माणसाचं काम नाही."

एवढी जाहिरात बाबाला स्वतःला जमली नसती. अडाणी फसतो तो न कळल्यामुळे. मास्तर फसले ते जे कळत होतं त्याच्या जोरावर. पट्टीचा पोहणारा बुडतो तो असा. दुसऱ्या दिवशी अर्धा कारखाना रांगेत होता. कारण विचारलं की सगळे एकच सांगत, "मास्तरांनी नख मारून बघितलंय."

"अहो, दुखायचं थांबलं हो खरंच," वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी ते कारखानाभर सांगितलं.

पण मग तोंडाला घाण वास येऊ लागला. जबड्याखाली गाठ आली.

"एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवू या का?" वहिनींनी विचारलं.

"अगं, सगळ्यांसमोर बोललोय मी. आता तूच तिथं जाऊन बसलीस तर लोक काय म्हणतील?"

त्यांनी बाबाला विचारलं. बाबा डोळे मिटून म्हणाला, "जुनं विष उतरतंय. सुरी लागली तर दाढ आल्या वाटेनं परत जाईल, बरं का!"

विष उतरलं नाही, सूज उतरली. जबड्याखालून गळ्यापर्यंत उतरली आणि लाकडासारखी टणक झाली. वहिनींना थुंकी गिळवेना. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. मास्तर गरम पाण्याच्या पिशव्या आणत राहिले. शेवटी वहिनींनी त्यांचा हात धरला आणि जड जिभेनं कशाबशा म्हणाल्या, "अहो... चला ना."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना दारातच पाहिलं आणि खुर्चीवर बसवलंसुद्धा नाही. तशाच गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी घातली, पू काढला. पण विष तोवर रक्तात भिनलं होतं. वहिनी घरी परतल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर मास्तर एकटेच डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी खुर्ची पुढे केली, पण मास्तर उभेच राहिले.

"ती चला म्हणत होती. मी माझी अब्रू सांभाळत बसलो," ते म्हणाले. "आता एकच सांगा. गार न होता ते आळलं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी खणातून एक नळी काढली आणि फरशीच्या तुकड्यावर कणभर पांढरं लोणी पिळलं. "गार करून बघा."

फ्रिजमधला बर्फ काढून मास्तरांनी तुकडा त्यावर धरला. मग टोचून पाहिलं. मऊच. डॉक्टरीणबाईंनी पेनाएवढा दिवा उचलला आणि निळा उजेड पाडला. मास्तरांनी नख मारलं. टक्क.

"काही वस्तू गार होऊन आळतात, काही वाळून. ही या निळ्या उजेडानं आळते. दुकानात मिळते. मीही हीच वापरते. वहिनींच्या दाढेत मी भरली होती, ती हीच."

"मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय?"

"फरक खाली असतो, मास्तर. मी आधी कीड काढते. लाळ लागू न देता दाढ कोरडी ठेवते. मग पातळ थर देत भरते, आणि एवढं करूनही वर्षं मोजूनच बोलते. त्यानं ओल्या दाढेत, किडीवर नुसतं झाकण बसवलं."

"पण तिचं दुखणं थांबलं होतं हो."

"दाढेतली नस मेली म्हणून. ओरडणारा मेला की घर शांत होतं. आग विझलेली नसते."

मास्तर तिथंच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "हा दिवा आणि ही नळी मला थोड्या वेळासाठी द्याल? तुम्हीही या सोबत."

हॉलमध्ये रांग तशीच होती. बाबानं मरणाचाही उपयोग करून घेतला होता. "ती भगिनी श्रद्धेत कमी पडली! डॉक्टरच्या सुरीनं गेली!" असं तो सांगत होता, आणि माणसं माना डोलवत होती.

मास्तर आत आले तशी कुजबुज थांबली. हॉलचं दार उघडं राहावं म्हणून तिथं एक धोंडा लावलेला असे. त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला, त्यावर पांढरं लोणी थापलं, बोटानं दाढेचा आकार दिला आणि सगळ्यांना हात लावायला सांगितलं. मग बाबाचंच काळं कापड ओढून घेतलं. आत निळा उजेड पडला. मंत्र वगैरे काही नाही. त्यांनी कापड काढलं.

"या, नखं मारा."

पुढच्या दोघातिघांनी मारली आणि ते मागे सरकले.

"धोंड्याला दाढ उगवली," मास्तर म्हणाले. "आता मला सांगा, या धोंड्याची श्रद्धा माझ्या बायकोपेक्षा जास्त होती?"

"पाप लागेल!" म्हणत बाबा मागच्या दाराकडे सरकला, पण वहिनींच्या विभागातल्या बाया दार अडवून उभ्या होत्या. एकीनं त्याची बाही ओढली. तसलाच पेनासारखा दिवा खाली पडला आणि जमिनीवर निळा उजेड पाडत राहिला. बायांनी पोलिस येईपर्यंत बाबाला हलू दिलं नाही. तरीही काही माणसं जागची हलली नाहीत. हा दिवा खोटा असेल, पण बाबा खरा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

डॉक्टरीणबाई दाराशी उभ्या राहून एकेकाचं तोंड उघडून बघू लागल्या. कढया घासणारी एक तरुण बाई मास्तरांसमोर आली. तिचा गाल किंचित सुजला होता.

"माझीही भरलीय त्यानं, मास्तर. तुमच्या सांगण्यावरून."

"माहीत आहे, बाई. म्हणूनच आलो. आजच्या आज दाखव."

"दाढ वाचेल ना?"

"ते बघितल्याशिवाय डॉक्टरीणबाईही सांगणार नाहीत."

"आणि त्यांनी नवी भरून दिली तर? ती तरी जन्मभर टिकेल?"

"नाही टिकणार," मास्तर म्हणाले. "खूप वर्षं टिकेल, मग पुन्हा दाखवावी लागेल. जन्मभर टिकेल असं जो कोणी म्हणेल, त्याच्यासमोरून उठायचं. हे कशानं होतं ते विचारायचं, खाली काय आहे ते विचारायचं. आणि विचारल्यावर जो चिडेल, त्याच्यासमोर पुन्हा तोंड उघडायचं नाही."