मास्तरणीचे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे, मित्रांनो. सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून केले, त्यामुळे माझा एक पाय जन्मापासून आखूड. कपड्यांच्या कारखान्यात या डुगडुगणाऱ्या स्टुलावर कोणी बसेना. शेवटी मी मास्तरणीच्या वाट्याला आले.

ती काही शाळेत शिकवत नव्हती. इतर वीसजणींसारखीच शर्टांना हाताने काजे करायची. पण त्या खोलीत वाचता येणारी ती एकटीच, म्हणून मास्तरीण. रोज दुपारी ती माझ्यावर बसून तासभर कादंबरी वाचायची आणि तिच्या वाटणीची काजे बाकीच्या करायच्या. हात सुईवर, कान तिच्याकडे. गोष्टीतली मोलकरीण मालकाला तोंडावर जाब विचारते, तेव्हा थोरली मावशी पुटपुटली, "अगं बाई, हिला भीती कशी वाटत नाही?"

चार दिवसांनी त्याच मावशीने मुकादमाला विचारले, "आम्ही आत असताना दाराला बाहेरून कुलूप कशाला? आम्ही काय चोर आहोत?"

मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीला हे बळ कुठून आले, ते त्याने बरोबर ओळखले. दुसऱ्या दिवशी त्याने मास्तरणीच्या शर्टांचा गठ्ठा मागवला, आणि तिथेच घात झाला. तिच्यावरच्या मायेने प्रत्येकीला हातभार लावायचा असे, म्हणून एकेका शर्टाला सातआठजणींनी आपले एकेक काज केले होते. कुणाचे टाके दाट, कुणाचे विरळ, मावशीचे जरा तिरके. एकीनेच सगळा शर्ट केला असता तर त्याला पत्ताही लागला नसता.

"हे कुणाकुणाचं काम आहे?"

वीस माना खाली. मावशीचीसुद्धा.

"माझंच आहे," मास्तरीण म्हणाली. "हात दुखत होता, म्हणून असं झालं."

त्याने तिला तिथल्या तिथे काढून टाकले. कुलूप त्या दिवशी भरदुपारी उघडले, ते फक्त तिला बाहेर घालवण्यासाठी. ती निघाली, तरी कोणी वर पाहिले नाही. मी लाकूड, मला तोंड नाही. त्यांना होते. याचे दुःख मला आजही होते.

आठ दिवस सगळ्या मान खाली घालून काजे करत राहिल्या. नवव्या दिवशी मावशीने सुई खाली ठेवली. मग एकेक करत सगळ्यांनी ठेवली. कुलूप काढा आणि मास्तरणीला परत घ्या, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत दोन्ही कबूल झाले. मावशी धापा टाकत तिच्या खोलीवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "ती कालच सामान घेऊन गेली. कुठे, ते माहीत नाही. रोज संध्याकाळी दारात बसायची. कुणी येणार होतं का तिच्याकडे?"

आता दार उघडे असते. गोष्ट मात्र अर्धीच राहिली. माझ्यावर कोणी बसत नाही. मावशी मला रोज पुसते आणि रडते.

मित्रांनो, पुस्तके जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वाचणाऱ्या माणसाबद्दल सांगते. तुमच्यासाठी वाचणाऱ्याला कोणी उठवले, तर त्याच क्षणी मान वर करा. कुलूप काय, नवव्या दिवशीही निघते. दारात बसलेले माणूस तोवर उठून गेलेले असते.