नवे टायर पुढं

विजयसिंहांनी दोनच नवे टायर घेतले आणि पुढं बसवायला सांगितले. टायरवाला म्हणाला, "मालक, नवी जोडी मागं टाका. वळणावर मागची पकड सुटली की गाडी आवरत न्हाई."

मालक हसले. "मागचं कोण बघतंय बे? स्टेअरिंग पुढं असतंय, फोटो बी पुढूनच काढतेत."

घ्या! वनमाला शेजारीच उभी होती. नवऱ्याची अक्कल तिला नवी नव्हती.

गट महिलांसाठी राखीव सुटलेला, म्हणून झेडपीचं तिकीट तिच्या नावानं मागायचं. पण बॅनरवर विजयसिंह ढेरीसकट, आणि ही कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. पक्षाचे साहेब आज तेलगावात उमेदवार बघणार होते. ताफ्यात साहेबांच्या मागची जागा धरली की तिकीट पक्कं, हे विजयसिंहांचं राजकारण.

तेलगावच्या अलीकडच्या वळणावर उसाच्या ट्रॅक्टरांनी चिखल सांडलेला, त्यावर सकाळचा अवकाळी पाऊस.

"अहो, सावकाश."

"तू गप भाषण पाठ कर."

साहेबांच्या मागंच राहायचं म्हणून विजयसिंहांनी भर वेगात गाडी वळणात घातली, तोच साहेबांच्या गाडीचे लाल दिवे लागले. ह्यांनी वळता वळताच ब्रेक दाबला. सगळा भार पुढं आला. पुढच्या नव्या टायरांनी रस्ता घट्ट धरला, मागचे गुळगुळीत टायर हलके पडून बाहेर निसटले. तरी हा शहाणा स्टेअरिंग आणखी आतच पिळत राहिला. गाडी गर्रकन फिरली आणि मागच्या चाकांनी नालीत जाऊन बसली, तोंड परत आपल्या गावाकडं करून.

ताफा हॉर्न वाजवत निघून गेला. साहेब थांबले नाहीत. कशाला थांबतील?

"रस्ताच नालायक हाय," विजयसिंह खाली उतरून म्हणाले. "नवे टायर असून बी सरकली."

"सरकले ते जुने. नवे अजून रस्त्याला चिकटून हायेत."

ताफ्याच्या शेवटाला चुलत दीर राधाकिशनची जीप होती. ती थांबली. "वहिनी, लागलं का कुठं?"

"न्हाई भाऊजी." वनमालानं पदर सारखा केला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"कुठं निघालीस?" विजयसिंह ओरडले.

"तेलगावला. उमेदवार मी हाय."

"आन् मी?"

"तुमी गाडी ढकला. मागून ढकला, मागचं कोण बघतंय?"