पित्तनळीत उजेड नेणारी तार

केसाएवढी बारीक आहे मी, पण मला कमी समजू नका. मी काचेची तार बोलते आहे. माझ्यातून उजेड धावतो. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात मी माणसाच्या पित्तनळीत जाते.

वितळलेली काच ओढून ओढून मला घडवलं, तुटू नये म्हणून वरून कोट चढवला. डब्यात गुंडाळून इथं आणलं तेव्हा भीतीच वाटली. पोटातल्या अंधारात मी काय दिवे लावणार?

मग पोंभुर्ण्याकडच्या वच्छलाबाई आल्या. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगभर खाजवल्याचे ओरखडे, छातीवर काविळीची माळ. वैदूनं ती डोक्यावर ठेवली होती. माळ सैल होत खाली आली, म्हणजे कावीळ गेली, असं घरच्यांनी धरलं नि महिनाभर दवाखान्याचं नाव काढलं नाही.

"माय, काढ ना ते माळ," लेक दिव्यानी म्हणाली. तिच्या कडेवर तान्हं होतं.

"काऊन काढू? छातीवर आली. कावीळ उतरली."

"कावीळ नाई, तू उतरली! हाडं दिसून राह्यले तुह्ये."

डॉक्टर संघप्रिया हसल्या नि पुन्हा रिपोर्टकडे वळल्या. पित्तनळी एका जागी आवळली होती. साधी सूज की कॅन्सर, कळत नव्हतं. आधी एकदा तिथला तुकडा काढून तपासला होता, त्यात काही सापडलं नव्हतं.

"पोटात दिवा लावता का डॉक्टरीणबाई?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"लहानसाच, मावशी. झोपेचं इंजेक्शन देतो, समजणार नाई."

खोलीतले दिवे मालवले. तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीच्या नळीतून मी आत गेले. आधी चांगल्या जागेला टेकले, मग आवळलेल्या. उजेड टाकला, परत आलेला मशीनला दिला. निरोगी मांस उजेड एका तऱ्हेनं परतवतं, बिघडलेलं दुसऱ्या. पडद्यावर रेघा उमटत होत्या. एका कडेला टेकले नि रेघ पार वेगळीच निघाली.

"इथूनच तुकडा घेऊ," डॉक्टर म्हणाल्या.

कॅन्सर आहे, हे त्या तुकड्यानंच पक्कं केलं. ते माझं काम नाही. पण जागा मी दाखवली, हे ताठ मानेनं सांगते.

दिव्यानीला रडू फुटलं. "वाचन का माह्यी माय?"

"पसरला नाई अजून. ऑपरेशन करता येते. पण आता थांबू नका."

"रडतं कायले?" वच्छलाबाईच लेकीला रागावल्या. "कुठी जायचं हाय थे विचार!"

ऑपरेशन झालं. परवा त्या तपासणीला आल्या. नातू मांडीवर, त्यांचे डोळे आता पांढरेशुभ्र. काच असूनही मला भरून आलं.

बायांनो, घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले तर निघा. उशिरा आलेल्याला मी दुखणं दाखवू शकते, गेलेला वेळ नाही देऊ शकत.