रोमची लांडगी आणि बाबांचा कोलाक

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या सकाळी पांफिल बुझिला आमच्या फाटकात येऊन उभा राहिला. पांफिल म्हणजे आमच्या गावचा सरपंच, आणि शाळेत माझ्याच वर्गातला. चेहरा दुखवट्याचा होता, बूट मात्र उद्घाटनाचे.

"रुक्सांदा, गुरुजी गेले आणि गावाचा आधार गेला," तो म्हणाला. "बरं, उद्या पाहुणा येतोय. स्पेनचा, लॅटिन बंधुसंघाकडून. गाव पसंत पडलं तर रोमच्या लांडगीचा पुतळा आपल्याला मिळणार. दोन पोरांना दूध पाजणारी. अख्खी ब्राँझची!"

लांडगीचा चौथरा पंचायतीसमोर केव्हाच बांधून झाला होता. तूर्त त्यावर साफ्ता काकूची बदकं बसत. साफ्ता काकू म्हणजे पांफिलची आई.

"मग माझ्याकडे काय काम काढलंस?"

"उद्या कबरीवरून तू कोलाक देशील, तो मी घेतो. पाहुण्यासमोर. फक्त घेताना मी 'बोगदाप्रोस्ते' म्हणणार नाही. तो शब्द पडला स्लाव, लॅटिन नव्हे. मी आपला साधं 'आभारी आहे' म्हणेन. गावालाही तसंच सांगून ठेवलंय."

कोलाक म्हणजे पिळाचा गोल पाव. त्यात पेटती मेणबत्ती खोचायची, खाली नवा टॉवेल धरायचा आणि गेलेल्याच्या नावानं कबरीवरून पलीकडच्याला द्यायचा. घेणारा म्हणतो, बोगदाप्रोस्ते, देव त्याला क्षमा करो. हे म्हटलं की दान पोचतं. नुसते आभार मानले तर ते देणाऱ्यापाशीच राहतं आणि गेलेला तिकडे रिकाम्या ताटावर बसून राहतो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"तुझ्या वडिलांच्या वेळी काय म्हणाला होतास?"

"तेव्हा मी सरपंच नव्हतो. आणि आपण लॅटिनचे, हे गुरुजीच शिकवायचे ना?"

शिकवायचे. बाबांनी जन्मभर तेच शिकवलं. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या आपल्या भाषेच्या सख्ख्या बहिणी, असं ते सांगत. पुढचं वाक्य पांफिल विसरला होता, किंवा त्या दिवशी शाळेत आला नसावा. "आपली भाषा लेक लॅटिनची खरी," बाबा म्हणत, "पण सासरी गेली की तिकडचीच भांडी वापरते. पाव, सूर्य आणि मरण आपण माहेरून आणलं. प्रेम, मित्र आणि 'हो' शेजारच्या स्लावांनी दिलं."

त्या 'हो'वरही आठवडाभर बंदी होती. पंचायतीच्या भोंग्यावरून तसं जाहीर झालं होतं. लोक नुसती मान डोलावत. पंचायतीतली कारकून बाई फोनवरसुद्धा मान डोलावत होती आणि पलीकडचे लोक "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवत होते.

बाबांचा असं दान पोचण्यावर विश्वास होता का, मी कधी विचारलं नाही. माझा आहे का, हे चाळीस दिवसांत ठरलेलं नाही. पण कोलाक पोचायला हवा होता.

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. इन्याकी त्याचं नाव. उंच, लाजाळू. आमची भाषा अडखळत, पण छान बोलत होता. पाद्र्यांची प्रार्थना झाली. मी कबरीच्या एका बाजूला, पांफिल दुसऱ्या. मधे मातीचा उंचवटा, अजून नीट बसलेला नव्हता. मी कोलाक पुढे केला.

"आभारी आहे," पांफिल क्रुसावरच्या बाबांच्या फोटोकडे बघत म्हणाला आणि कोलाक ओढला.

मी सोडला नाही.

त्यानं पुन्हा ओढला. मेणबत्तीचं मेण त्याच्या बाहीवर ठिबकलं. पाद्री खोकले.

"हीसुद्धा प्रथा आहे का?" पाहुण्यानं शेजारच्या साफ्ता काकूला हळूच विचारलं.

"कसली प्रथा, माझं कार्टं आहे ते!" काकू कडाडली. "अरे मेल्या, म्हण ना! गुरुजींना उपाशी ठेवतोस? तुझ्या बापाला मी काय लॅटिनमधून पोचवला?"

"आई, पाहुणे आहेत!"

"माझी काळजी करू नका," इन्याकी म्हणाला. "आमच्या घरी बास्क बोलतात. ती लॅटिनची कुणीच लागत नाही. खरं तर जगात कुणाचीच कुणी लागत नाही."

पांफिलचा चेहरा ब्राँझचा झाला. "मग तुम्ही लॅटिन बंधू कसे?"

"नोकरीनं," पाहुणा म्हणाला.

मागून कुणीतरी हसलं. मी हसले नाही. माझे हात भरून आले होते, पण पाव सुटला नव्हता. पांफिलनं एकदा चौथऱ्याच्या दिशेनं पाहिलं, मग आईकडे, मग खाली मातीकडे. त्याला पहिलं अक्षर बाबांनीच गिरवायला लावलं होतं.

"बोगदाप्रोस्ते," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हण. बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, आणि तू त्याच बाजूला उभा आहेस."

"बोगदाप्रोस्ते!" सरपंच ओरडला. त्याच्यामागून सगळं गाव म्हणालं. इन्याकीसुद्धा.

मी कोलाक सोडला. मग रिकाम्या हातांचं काय करायचं, ते मला सुचेना.