तिघांचं मायबाप

"परत लाव काट्याला. पाय टेकलं असतील," गौरा सोन्याच्या आईला म्हणाली.

पाय कुठेच टेकले नव्हते. सोन्या झोळीत नुसता लोंबत होता, रडायचंही त्राण नव्हतं त्याला. काटा मागच्या खेपेपेक्षा खालीच थांबला.

गौरा वांगणीच्या अंगणवाडीची सेविका. या बाजूला पोरं कशी दगावतात, ते तिने लहानपणी पाहिलं होतं.

"सुके, सोन्याचं वजन वाढाया पाकिटं दिलती, ती गोड पेस्टीची. काय झालं त्यांचं?"

"खाल्ली ना. तिघांनी." सुकीने शेजारी उभ्या दोन्ही पोरींकडे बघितलं. "एकानं खायाचं नि दोघींनी बघाचं काय?"

यावर रागवायचं तरी कसं? पाड्यावर एक खेकडा सापडला तरी घरात सगळ्यांच्या वाट्याला येतो. समोर माणूस असताना एकट्याने खाणं गौरालाही जमलं नसतं.

"जव्हारला भरती कराया लागल. आजच. गाडी बोलावून ठेवलीय मी."

"उद्या वीटभट्टीवर जायाचं. याचा बा कवाच पुढं गेलाय. नि भरती एकाची, मंग पोरी कुठं ठेवू?"

दारात उभा ड्रायव्हर वैतागला. "मायबाप सरकार आहे म्हणून चाललंय यांचं! फुकट गाडी, फुकट दवाखाना, तरी नखरे."

सुकी चिडली नाही. तिने सरळ विचारलं, "सरकार मायबाप हाय, तं एकाच पोराचं कसं? या दोघी कुनाच्या?"

ड्रायव्हर मोबाईलमध्ये बघू लागला. गौराने 'मायबाप' हा शब्द सभांमधून ऐकला होता. कुणी हात जोडून म्हणायचं, कुणी टोमणा म्हणून. असं कुणी विचारलं नव्हतं. आणि सोन्याची मान तर एका बाजूला कलत चालली होती.

"पोरी मी ठेवते," गौरा बोलून गेली, आणि बोलल्यावर घाबरली. घरचे काय म्हणतील? पोरींना काही झालं तर? सरकारने तिला असं काही सांगितलेलं नव्हतं.

सुकी सोन्याला छातीशी धरून गाडीत चढली. "बाई, एका ताटात वाढ त्यांना. तशीच सवय हाय."

दुपारी गौराने घरी ताटात भात वाढला. थोरलीने हाताने त्याचे तीन वाटे केले. दोघींनी आपापला खाल्ला.

तिसऱ्याला कुणी हात लावला नाही. ताट उचलायला गौराचाही हात धजेना.