गिरणीवरचा आवाज

हेलनने मला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं तेव्हा मला वाटलं, नवीन प्रोजेक्ट देणार. हेलन म्हणजे माझी मॅनेजर. तिने आधी माझ्या कामाचं कौतुक केलं, मग हवेबद्दल बोलली, मग स्वतःच्या कुत्र्याबद्दल. एवढा फेरफटका झाल्यावर म्हणाली की मजल्यावरच्या काही जणांना माझा आवाज जरासा, अगदी जरासाच, मोठा वाटतो. तिची स्वतःची काही तक्रार नाही. अमेरिकेत तशीच पद्धत असते हे ती समजू शकते.

इथले लोक ‘जरासा’ म्हणतात तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेलं असतं, एवढं मला एव्हाना कळलं होतं. मी खुर्चीत बसल्या बसल्याच आवाज खाली आणला आणि सॉरी म्हटलं.

आता यातली गंमत बघा. ओहायोमध्ये मी बावीस वर्षं काढली. तिथला पासपोर्ट घेतला, तिथे संसार केला, तो मोडला, मुलगा वाढवला, दर हिवाळ्यात दारापुढचा बर्फ उपसला. तरी दर पार्टीत कोणीतरी विचारायचंच, पण तू मूळची कुठली? अमेरिकन म्हणवून घ्यायला तिथे जिवाचं रान केलं. मुलगा कॉलेजला गेला, घर रिकामं झालं, कंपनीने इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला जातेस का विचारलं आणि मी हो म्हटलं. इथे पहिल्याच दिवशी, तोंड उघडल्याबरोबर, मी अमेरिकन ठरले. मूळ कोणी विचारलंसुद्धा नाही. जो शिक्का मिळवायला अर्धं आयुष्य गेलं तो इथे फुकटात बसला, आणि बसला तो शिवीसारखा.

माझ्या शेजारच्या डेस्कवर कॉलिन बसतो. मी सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की तो माझ्याच सुरात, नाकातून, ‘ऑसम’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. न हसून सांगते कोणाला? बंदुका, दवाखान्यांची बिलं, निवडणुका, सगळ्याचा जाब मला विचारायचे, जणू मला विचारल्याशिवाय तिथलं पान हलत नाही. आणि शुक्रवारी पाच वाजता सगळे कोट चढवून पबला जायचे. माझ्या डेस्कवरून जाताना प्रत्येक जण छान वीकेंड घालव म्हणायचा.

मराठी मंडळींमध्ये तरी चार माणसं जोडली जातील म्हणून संक्रांतीत मंजिरीकडे हळदीकुंकवाला गेले. ही पुण्याची, इथे बरीच वर्षं असलेली, गावातल्या सगळ्या मराठी बायकांचा हिच्याकडे राबता. तिथे सगळ्या माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. मी हट्टाने मराठीत उत्तरं देत राहिले. मंजिरी माझ्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाली, “तुमचं मराठी अजून छान आहे हो. पण तुम्हा अमेरिकावाल्यांचं सगळंच मोठं ना? गाड्या काय, आवाज काय.” बायका हसल्या. वाणाचा प्लास्टिकचा डबा पर्समध्ये घालून मी घरी आले आणि पुन्हा तिथे गेले नाही. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

कारण हा आवाज अमेरिकेचा नव्हताच. तो नागपूरचा होता, तिथल्या महाल भागातल्या आमच्या पिठाच्या गिरणीवरचा. गिरणी खाली, घर वर. दिवसभर पट्टा फिरायचा, भिंती थरथरायच्या, आणि जेवायला चला हे सांगायचं तरी जिन्यावरून ओरडावं लागायचं. आमच्याकडे हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं. त्या गिरणीने बाबांचे कान नेले आणि मला गळा दिला. पुढे गिरणी बंद पडली, आई गेली, बाबांना कानात यंत्र बसवून दिलं, तर ते म्हणाले डोक्यात माशी शिरल्यासारखं वाटतं आणि काढून ठेवलं. मोतीबिंदू वाढल्यापासून व्हिडिओ कॉलवर त्यांना माझा चेहराही दिसेना. पण फोनवर माझा आवाज त्यांना यायचा. माझ्या एकटीचाच यायचा. बाकी सगळ्या जगाशी ते नंदूमार्फत बोलत. नंदू गिरणीवरचा आमचा जुना माणूस, आता बाबांजवळच राहतो. मी रोज ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, नागपूरला संध्याकाळ उतरताना, त्यांना फोन करायचे. मजल्यावरच्या काही जणांना त्रास व्हायचा तो हा.

हे हेलनला सांगितलं असतं तर? सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर जी समजूतदार सहानुभूती पसरली असती ती मला नको होती.

मग मी आवाज लहान करायला लागले. आधी ऑफिसात, मग दुकानात, मग एकटी असतानाही. वाक्याच्या शेवटी दम सोडून द्यायचा, हसताना ओठ मिटायचे, फोनवर तोंडापुढे हात धरायचा. बोलण्याआधी क्षणभर थांबायला शिकले आणि त्या क्षणात निम्म्या गोष्टी बोलायच्या राहूनच जाऊ लागल्या. कॉलिनची नक्कल बंद झाली, कारण नक्कल करायला काही उरलं नव्हतं. हेलन म्हणाली, छान रुळलीस. आणि एका शुक्रवारी कोट चढवता चढवता कॉलिनने विचारलं, येतेस का? मी गेले. कोपऱ्यात बसून अर्धा ग्लास सायडर प्यायले, कोणाच्या तरी बागेतल्या गोगलगायींबद्दल ऐकलं, आणि खरं सांगते, घरी चालत येताना मला रडू येईल इतका आनंद झाला होता.

त्याच सुमारास बाबा फोनवर “कोण?” म्हणायला लागले. मी सुनीती म्हणायचे, ते पुन्हा कोण म्हणायचे. नंदू मध्ये पडून ओरडून सांगायचा, पण ते त्यांना पटायचंच नाही. एकदा म्हणाले, बँकेवाली बाई आहे, ठेव. बँकेतून सारखे फोन करून ऐकू न येईल असं बोलणाऱ्या त्या बाईला ते मनापासून कंटाळले होते. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तसंच म्हणून फोन ठेवला. नंदूने नंतर मला हळूच सांगितलं, “ताई, बाबा रोज विचारतात, पोरीचा फोन काहून बंद झाला. मी म्हणतो आत्ताच तर आला होता. तर माझ्यावरच चिडतात.”

त्या शनिवारी मी घरात दारं-खिडक्या लावून मोठ्याने बोलून पाहिलं. आवाज घशापर्यंत यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. कसाबसा थोडा चढला, तर शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केली. मग गाडीत जाऊन बसले. काचा वर करून बाबा, बाबा अशा हाका मारल्या आणि खोकत बसले. पन्नाशीची बाई गाडीत एकटी बसून बापाला हाका मारते आहे, हे कोणी पाहिलं असतं तर काय वाटलं असतं, याचीच मला त्याही वेळी जास्त काळजी होती.

बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मुश्किलीने ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी थांबलात तर डोळा जाईल. त्या दिवशी सकाळी मी डेस्कवर होते आणि नंदूचा फोन आला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाबा बाकावर बसून होते आणि उठायला तयार नव्हते. सुनीती सांगत नाही तोवर आत जाणार नाही, म्हणत होते. त्यांचा नंबर आला होता. डॉक्टर पुढच्या पेशंटला घेतो म्हणत होते.

मी जिन्याकडे निघाले, फोन त्यांच्या कानाला लाव म्हटलं, आणि तोंडापुढे हात धरून म्हणाले, बाबा, मी सुनीती.

“कोण बोलून राहिलं?” बाबा म्हणाले. मी पुन्हा नाव सांगितलं. “नंदू, बँकेवालीच आहे बाप्पा. घे हा फोन.”

फोन कानापासून दूर जाताना होते ती खरखर मला ऐकू आली. मी मजल्याच्या मधोमध पोचले होते. जिन्याचं दार अजून लांब होतं. हात तोंडावरून कधी काढला ते आठवत नाही. खाली पट्टा फिरतो आहे, बाबा पिठाने पांढरे होऊन चाळणीपाशी उभे आहेत आणि मला त्यांना जेवायला बोलवायचं आहे, तशी मी ओरडले.

“बाबा! मी सुनीती. डॉक्टरांबरोबर आत जा.”

की-बोर्डांची टकटक एकदम थांबली. मग बाबांचा आवाज आला, जवळून.

“आता आली. कुठं होती इतके दिवस?”

मी म्हणाले, कामात होते. डोळा झाला की मला व्हिडिओवर बघा म्हणाले, आता रोज फोन करीन म्हणाले. सगळं ओरडून. घसा सोलवटला होता, पण आवाज जात होता. बाबा उठलेले कळलं, कारण नंदू मागून ‘चपला काढा, चपला’ म्हणून ओरडत होता.

आजूबाजूला सगळे स्क्रीनमध्ये बघत होते, माझ्याकडे मुद्दाम न बघणाऱ्या माणसांसारखे. कॉलिनने हेडफोन घातले होते. हेलन काचेच्या खोलीच्या दारात उभी होती, चेहऱ्यावर ती समजूतदार सहानुभूती. येत्या शुक्रवारी माझ्या डेस्कवरून पबला जाताना सगळे पुन्हा नुसतंच छान वीकेंड घालव म्हणतील, हे मला तिथेच कळलं.

“बेटा,” बाबा जाता जाता थांबले, “एवढ्या जोरात बोलून राहिली, तिथं ऑफिसात कोणी काही म्हणत नाही ना?”

“नाही बाबा,” मी म्हणाले. “सगळे फार चांगले आहेत.”

हे खोटंही मला गळा फाडूनच सांगावं लागलं. नाहीतर त्यांना ऐकू गेलं नसतं.